इंग्रजीचे प्रश्न काढणाऱ्या आणि हरकती तपासणाऱ्या तज्ज्ञ समित्यांना खुले पत्र: डिक्शनरीचे नाव आधी सांगा, लेबल वाचा

आदरणीय सदस्यहो,

राज्यातल्या स्पर्धा परीक्षांसाठी इंग्रजीचे प्रश्न काढणाऱ्या, उत्तरतालिका ठरवणाऱ्या आणि तालिकेवर आलेल्या हरकती निकाली काढणाऱ्या आपणा सर्वांना हे पत्र आहे. आमच्यात काही जण इंग्रजी शिकवतात, काही जण इंग्रजी मजकुराचे संपादन आणि मुद्रितशोधन करतात. शब्दकोश आम्हाला दिवसातून अनेकदा उघडावा लागतो, म्हणून हा विषय आपल्यापुढे मांडतो आहोत.

मागणी थोडक्यात अशी. बरोबर-चूक कोणत्या डिक्शनरीवरून ठरवणार ते परीक्षेच्या जाहिरातीबरोबरच सांगा. त्या डिक्शनरीतला शब्द वाचताना त्याच्या शेजारचे लेबलही (तो वापर प्रमाण, जुना, क्वचित की प्रादेशिक ते सांगणारी खूण) वाचा. आणि ज्या वापराबद्दल खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचे एकमत नाही, तो एकच उत्तर असलेल्या प्रश्नात घालू नका.

सध्या काय होते ते आपण जाणताच. एक उमेदवार हरकतीला गाइडातला नियम जोडतो, दुसरा डिक्शनरीच्या पानाचा स्क्रीनशॉट. कधी पहिल्याचे मान्य होते, कधी दुसऱ्याचे, कधी प्रश्नच रद्द होतो. प्रश्न दोन गुणांचा असेल आणि चुकीच्या उत्तराला चतुर्थांश वजावट असेल, तर बरोबर उत्तराचे अधिक दोन आणि चुकीच्याचे उणे अर्धा, म्हणजे एका प्रश्नात अडीच गुणांचे अंतर पडते. अडीच गुणांत गुणवत्ता यादीतली किती नावे वरखाली होतात हे आम्ही सांगायला नको.

या गोंधळाच्या मुळाशी एक समजूत आहे आणि ती आपल्या मराठीच्या सवयीतून आलेली आहे. मराठीत ‘कि’ की ‘की’, ‘आणि’ की ‘आणी’ असा वाद झाला तर मराठी साहित्य महामंडळाचे नियम काढता येतात. १९६२ साली १४ आणि १९७२ साली आणखी ४, असे ते १८ नियम शासनाने मान्य केले. वर्णमाला आणि अक्षरांच्या रूपांबाबत २००९ मध्ये शासन निर्णय निघाला. नियम पटो न पटो, तो कुठे लिहून ठेवला आहे ते बोट ठेवून दाखवता येते. इंग्रजीला असे दफ्तर नाही आणि कधी नव्हते. फ्रेंचांनी १६३५ मध्ये भाषेसाठी अकादमी काढली. इंग्लंडमध्ये जोनाथन स्विफ्ट यांनी १७१२ मध्ये तशीच संस्था मागितली, पण ती झाली नाही. सॅम्युअल जॉन्सन यांनी डिक्शनरीचे काम हाती घेतले तेव्हा भाषा एका जागी बांधून ठेवता येईल अशी त्यांना आशा होती. १७५५ मध्ये डिक्शनरी छापून आली तेव्हा प्रस्तावनेत त्यांनीच कबूल केले की हे कोणत्याही कोशकाराच्या हातचे नाही. तेव्हापासून आजवर इंग्रजीत कोणत्याही ग्रंथाला राजपत्राचा दर्जा मिळालेला नाही. आपल्याकडे मात्र ‘ऑक्सफर्डमध्ये आहे’ हे वाक्य शासन निर्णयाचा क्रमांक सांगावा तसे सांगितले जाते.

डिक्शनरी तयार कशी होते ते पाहिले की तिच्याकडून काय मागावे तेही कळते. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ मध्ये नव्या कोशाची गरज मांडली. जेम्स मरे १८७९ मध्ये संपादक झाले. ‘ए’ पासून ‘अँट’ पर्यंतचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि शेवटचा १९२८ मध्ये. हीच ती मोठी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. तिच्यात ४,१४,८२५ शब्द आणि १८,२७,३०६ अवतरणे होती. ही अवतरणे हजारो वाचकांनी पुस्तके वाचून चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवलेली: वर शब्द, खाली वाक्य, पुस्तकाचे नाव, साल. संपादक एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या सालवार लावत आणि त्यांतून अर्थ वेगळे काढत. म्हणजे अमुक साली अमुक माणसाने हा शब्द अशा अर्थाने लिहिला, एवढी साक्ष ती डिक्शनरी देते. एकदा आत आलेला शब्द ती काढून टाकत नाही. ‘नाइस’ या शब्दाचा ‘मूर्ख’ हा जुना अर्थ तिथे आजही आहे, कारण तेराव्या-चौदाव्या शतकात तो तसा वापरला जात होता. त्या नोंदीचा स्क्रीनशॉट लावून कोणी हरकत घेतली तर ‘डिक्शनरीत आहे’ हे त्याचे म्हणणे शब्दशः खरे असेल, आणि तरी हरकत फेटाळावी लागेल.

डिक्शनरी चुकतेही, आणि कशी चुकते ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या वेबस्टर डिक्शनरीच्या १९३४ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘डॉर्ड’ नावाचा शब्द छापला गेला. अर्थ दिला होता घनता, विषय भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र. असा शब्दच नव्हता. १९३१ च्या जुलैमध्ये रसायनशास्त्राच्या संपादकाने एक चिठ्ठी पाठवली होती: मोठा ‘डी’ किंवा छोटा ‘डी’ हे अक्षर घनतेसाठी वापरतात. ती जायला हवी होती संक्षेपांच्या गठ्ठ्यात. पण ‘किंवा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘ऑर’ दोन ‘डी’ंच्या मधे, आणि शब्दांच्या चिठ्ठ्यांवर मथळ्याची अक्षरे सुटी सुटी टाइप करण्याची तिथली पद्धत. त्यामुळे पुढच्या टेबलावर ‘डी ऑर डी’ हा एकच शब्द वाचला गेला. कोणीतरी त्याला उच्चारही दिला. १९३९ च्या फेब्रुवारीत एका संपादकाच्या लक्षात आले की या शब्दाला व्युत्पत्तीच दिलेली नाही, आणि तेव्हा शोध सुरू झाला. छापील पानातून तो जायला १९४७ उजाडले. जगातल्या अत्यंत काळजीपूर्वक तयार केलेल्या एका कोशात न-शब्द तेरा वर्षे राहिला. म्हणून एकाच डिक्शनरीच्या एकाच नोंदीवर निकाल देऊ नये, निदान दुसरी एक उघडून पाहावी, असे आम्ही म्हणतो.

आता कोणती डिक्शनरी, हा प्रश्न. ‘ऑक्सफर्ड’ म्हटले की एक पुस्तक डोळ्यांपुढे येते, प्रत्यक्षात ते एक कुटुंब आहे. वर सांगितलेली ऐतिहासिक डिक्शनरी अर्थ सालवार लावते, सगळ्यात जुना आधी. १९९८ मध्ये निघालेली ऑक्सफर्ड डिक्शनरी ऑफ इंग्लिश आजचा मुख्य अर्थ आधी देते. आणि ए. एस. हॉर्नबी यांची लर्नर्स डिक्शनरी, जी ऑक्सफर्डने १९४८ मध्ये काढली आणि आपल्या घराघरांत आहे, ती इंग्रजी शिकणाऱ्यासाठी आहे: सोपे अर्थ, वाक्यरचनेचे नमुने, कुठे काय चालत नाही याच्या सूचना. अमेरिकन मेरियम-वेबस्टरची परंपरा पुन्हा जुना अर्थ आधी देण्याची. हे माहीत नसेल तर उमेदवार क्रमांक एकचा अर्थ ‘खरा’ आणि चारचा ‘दुय्यम’ धरून भांडतो, आणि आपणही त्याच पायावर उत्तर देता.

‘वेबस्टर’ या नावाबाबत तर जास्तच सावध राहावे लागते. नोआ वेबस्टर यांची डिक्शनरी १८२८ ची. पुढे त्या नावावर कोणाचा एकट्याचा हक्क राहिला नाही, त्यामुळे कोणीही प्रकाशक आपल्या पुस्तकावर ‘वेबस्टर्स’ छापू शकतो आणि छापतो. फुटपाथवर स्वस्तात मिळणारी जाडजूड ‘वेबस्टर’ आणि मेरियम-वेबस्टर यांचा एकमेकींशी संबंध असेलच असे नाही. हरकतीत नुसते ‘वेबस्टर’ लिहिले असेल तर ती अपुरी समजा. पूर्ण नाव, प्रकाशक, आवृत्ती आणि साल मागा. ऑनलाइन पान असेल तर पाहिल्याची तारीख मागा, कारण ऑनलाइन डिक्शनरीला आवृत्ती नसते आणि नोंद गुपचूप बदलते. कोणालाही संपादता येणारे खुले कोश आधार म्हणून स्वीकारू नयेत.

लेबल म्हणजे काय ते एका शब्दावरून दाखवतो, आणि शब्द आपलाच आहे. इंग्रजीतला ‘मंगूस’ हा मराठी ‘मुंगूस’ वरून गेला. त्याचे अनेकवचन काय, हा वस्तुनिष्ठ प्रश्नांत वरचेवर येणारा प्रश्न. पर्याय असतात ‘मंगूसेस’ आणि ‘मंगीस’. उत्तर ‘मंगूसेस’, आणि कारण सरळ आहे: ‘गूस’ म्हणजे हंस-बदकांच्या कुळातला पक्षी, त्याचे ‘गीस’ होते कारण तो जुना जर्मानिक शब्द आहे, मुंगसाचा त्याच्याशी काही संबंध नाही, उच्चाराची शेपटी तेवढी जुळली. पण मेरियम-वेबस्टर उघडा. तिथे ‘मंगूसेस’ आणि पुढे ‘ऑल्सो मंगीस’ असे दिसते. उमेदवार स्क्रीनशॉट लावतो: दोन्ही आहेत, गुण द्या. त्या डिक्शनरीत दोन रूपांमध्ये ‘ऑर’ असेल तर दोन्ही बरोबरीची. ‘ऑल्सो’ असेल तर दुसरे आढळते, पण पुष्कळ कमी. हा फरक डिक्शनरीच्या सुरुवातीच्या सूचनांत स्पष्ट लिहिलेला असतो आणि तो भाग फारसे कोणी उघडत नाही. आधीच ‘या परीक्षेसाठी अमुक लर्नर्स डिक्शनरी’ असे सांगितलेले असते तर हरकत एका ओळीत मिटली असती, कारण तिथे ‘मंगूसेस’ एवढेच रूप आहे. सांगितलेले नसेल तर उमेदवाराच्या हातात कागद आहे आणि आपल्या हातात काही नाही.

‘इरिगार्डलेस’चेही (‘पर्वा न करता’ या अर्थाच्या ‘रिगार्डलेस’चे वाढीव रूप) तसेच. २०२० मध्ये ‘मेरियम-वेबस्टरने इरिगार्डलेसला मान्यता दिली’ अशा बातम्या जगभर फिरल्या. मुळात तो शब्द त्यांच्या १९३४ च्या आवृत्तीतही होता आणि छापील वापर १७९५ पर्यंत मागे जातो. नोंदीवर ‘नॉनस्टँडर्ड’ हे लेबल आहे आणि ‘रिगार्डलेस’ वापरा असा सल्लाही. बातमी लिहिणाऱ्यांनी शब्द पाहिला, लेबल पाहिले नाही. आपल्याकडे येणाऱ्या हरकतींतही नेमके हेच घडते.

शब्द नोंदवणे आणि शब्दाला प्रमाणपत्र देणे यांतला फरक न कळल्याने सगळ्यात मोठे वादळ उठले ते १९६१ मध्ये, वेबस्टरची तिसरी आवृत्ती आली तेव्हा. संपादक फिलिप गोव्ह. साडेचार लाखांवर नोंदी, २,६६२ पाने. त्यांनी ‘बोलीतला’ हे सरसकट लेबल काढून टाकले, कारण ते नेमके काहीच सांगत नाही असे त्यांचे मत होते. ‘एंट’ (‘ॲम नॉट’, ‘इज नॉट’ यांचे बोलण्यातले रूप) या शब्दाच्या नोंदीत लिहिले की अनेकांना तो नापसंत आहे, कमी शिकलेल्यांच्या बोलण्यात जास्त आढळतो, पण अमेरिकेच्या बहुतेक भागांत सुशिक्षित लोकही तो तोंडी वापरतात. वर्तमानपत्रांनी पहिला अर्धा भाग गाळला आणि भाषा बुडाली म्हणून अग्रलेख लिहिले. न्यूयॉर्क टाइम्सने आपल्या संपादकीय विभागाला १९३४ चीच आवृत्ती वापरायला सांगितले. पुढे १९९४ मध्ये हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. दूरसंचार कंपन्यांच्या एका खटल्यात ‘मॉडिफाय’ या क्रियापदाचा अर्थ ‘थोडा बदल’ की ‘मूलभूत बदल’ यावर निकाल अवलंबून होता. मूलभूत बदलाच्या बाजूने आधार होता वेबस्टरच्या त्याच तिसऱ्या आवृत्तीचा. न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी तो नाकारला आणि बाकीच्या कोशांचा ‘थोडा बदल’ हा अर्थ धरला. कोशांत फरक असतो आणि कोश कोणता निवडला यावर निकाल फिरतो, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

तिसऱ्या आवृत्तीच्या विरोधातून १९६९ मध्ये अमेरिकन हेरिटेज डिक्शनरी जन्माला आली. तिने वेगळा उपाय केला: लेखक, संपादक, प्राध्यापक अशा शंभरेक जणांचे मंडळ नेमले आणि वादग्रस्त वापरांवर त्यांची मते घेऊन टक्केवारी छापली. प्रामाणिक पद्धत होती. पण ‘होपफुली’ चे काय झाले पाहा. ‘आशा आहे की’ या अर्थाने वाक्याच्या सुरुवातीला हा शब्द चालेल का, या प्रश्नाला १९९९ मध्ये मंडळातल्या ३४ टक्क्यांनी होकार दिला आणि २०१२ मध्ये ६३ टक्क्यांनी. त्याच वर्षी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनेही आपल्या लेखनशैलीच्या नियमांत तो मान्य केला. २०१८ मध्ये ते मंडळच बंद झाले. एखाद्या परीक्षेत १९९९ मध्ये यावर प्रश्न आला असता तर उत्तर ‘चूक’, आणि २०१२ मध्ये ‘बरोबर’. आणि १९९९ मध्ये ज्या तिसऱ्या हिश्शाने होकार दिला ते काही इंग्रजी न येणारे लोक नव्हते. असा शब्द चार पर्यायांच्या प्रश्नात बसतच नाही.

आता आपल्या प्रश्नपत्रिकांत वारंवार दिसणारे नमुने घेऊ.

ब्रिटिश स्पेलिंग ओळखा, पर्याय ‘ऑर्गनाइझ’ हे एस घालून आणि झेड घालून. तालिकेत एस. पण ऑक्सफर्ड स्वतः शतकाहून अधिक काळ झेड आधी देते, कारण हा प्रत्यय ग्रीकमधून आला आणि तिथे झेड आहे. एस फ्रेंचमधून आला. लर्नर्स डिक्शनरीतही मथळा झेडचा आणि ‘ब्रिटिश इंग्रजीत एस सुद्धा’ अशी टीप. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे अधिकृत इंग्रजी नाव पाहा: ‘लेबर’ मध्ये ब्रिटिश यू आहे आणि ‘ऑर्गनायझेशन’ मध्ये झेड. झेड म्हणजे अमेरिकन, हा गाइडांनी पसरवलेला गैरसमज आहे. यातही जिथे खरेच चूक होते ती जागा वेगळी आहे: ‘ॲडव्हर्टाइज’, ‘सुपरवाइज’, ‘रिव्हाइज’, ‘सरप्राइज’, ‘एक्सरसाइज’, ‘काँप्रोमाइज’ या शब्दांत तो ग्रीक प्रत्यय नाहीच, म्हणून तिथे दोन्ही देशांत एस. ‘ॲनलाइझ’ मध्ये मात्र ब्रिटनमध्ये एस, अमेरिकेत झेड. विचारायचेच असेल तर ‘सुपरवाइज’ विचारा. त्याला एकच उत्तर आहे.

दुसरा नमुना ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’चा. मोजता येणाऱ्याला ‘फ्यूअर’, न येणाऱ्याला ‘लेस’, असा नियम. हा नियम रॉबर्ट बेकर यांनी १७७० मध्ये आपली पसंती म्हणून लिहिला, त्याआधी आठ-नऊशे वर्षे ‘लेस’ दोन्हीकडे चालत होते. आजच्या औपचारिक लेखनात बेकर यांची पसंती पाळावी, त्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती ‘देअर वेअर लेस दॅन टेन किलोमीटर्स लेफ्ट’ सारख्या वाक्यात ‘लेस’खाली रेघ मारून ती चूक ठरवण्याला. किलोमीटर मोजता येतात खरे, पण इथे दहा सुट्या वस्तू नाहीत, एक अंतर आहे. अंतर, पैसा, वेळ, वजन यांच्याबरोबर ‘लेस दॅन’ हेच प्रमाण रूप आहे. ‘फ्यूअर दॅन टेन किलोमीटर्स’ ऐकून इंग्रज माणूस थबकेल. म्हणजे नियम अर्धा पाठ केल्यामुळे बरोबर वाक्य चूक ठरले आणि ज्याला इंग्रजी चांगले येते त्याचेच गुण गेले.

दोघांत ‘बिट्वीन’, तिघांत ‘अमंग’ हाही तसाच. मोठी ऑक्सफर्ड डिक्शनरी सांगते की ‘बिट्वीन’ सुरुवातीपासूनच दोनहून अधिकांसाठी वापरले गेले आहे. चार भावांत वाटणी झाली, तीन देशांत करार झाला, तर प्रत्येकाचा प्रत्येकाशी वेगळा संबंध असतो आणि तिथे ‘बिट्वीन’ उत्तम बसते. घोळक्यात, गर्दीत एकत्र धरलेल्यांना ‘अमंग’. ‘शी इज वन ऑफ दोज ऑफिसर्स हू...’ च्या पुढे एकवचनी क्रियापद की अनेकवचनी, यावरही प्रश्न असतो. तर्काने अनेकवचन येते, पण चांगल्या लेखकांत एकवचनही पुष्कळ सापडते. ‘टीम इज’ अमेरिकेत, ‘टीम आर’ ब्रिटनमध्ये सर्रास. ‘शॅल’ आणि ‘विल’ची प्रथमपुरुष-द्वितीयपुरुषी वाटणी जॉन वॉलिस यांच्या १६५३ च्या लॅटिनमध्ये लिहिलेल्या व्याकरणातली. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी नको हा आक्षेप कवी जॉन ड्रायडन यांचा, १६७२ चा. हे नियम कोणी, कधी आणि कोणत्या आवडीपोटी केले याची नोंद आहे, आणि त्यांपैकी एकही सगळ्या इंग्रजीने कधी पाळलेला नाही. यांवरचे प्रश्न पूर्ण बंद करावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भारतीय इंग्रजीतल्या शब्दांबाबत दोन्ही टोकांचे आग्रह दिसतात. ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) हा शब्दच नाही, असे काही परीक्षक शिकवतात. तो १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात आलेल्या पत्रात ‘पोस्टपोन’च्या जोडीला म्हणून सुचवला गेला होता, रुजला मात्र भारतात, आणि आज डिक्शनरीत ‘भारतीय इंग्रजी’ या लेबलासह आहे. लर्नर्स डिक्शनरीच्या २०२० च्या दहाव्या आवृत्तीत भारतीय इंग्रजीतले २६ नवे शब्द आले, त्यांत ‘चॉल’ आणि ‘डब्बा’ होते. याचा अर्थ एवढाच की भारतीय वर्तमानपत्र वाचताना हे शब्द लागतात. मुंबईतल्या कार्यालयाने मुंबईतल्याच कार्यालयाला पत्र लिहिताना ‘प्रीपोन’ लिहिले तर चूक नाही. लंडनला लिहिताना दुसरा शब्द बरा. अशा शब्दावर ‘चूक शोधा’ प्रश्न काढला तर कोणासाठी लिहिलेले वाक्य, हे सांगावे लागेल, आणि ते सांगायला प्रश्नात जागा नसते.

आपण विचाराल, मग विचारायचे काय? भरपूर आहे, आणि ते आपल्या मुलांच्या खऱ्या अडचणीचे आहे. मराठीत आपण एखाद्या गोष्टीविषयी किंवा गोष्टीवर चर्चा करतो, म्हणून मुले ‘डिस्कस अबाउट’ लिहितात. लर्नर्स डिक्शनरीत याच चुकीची नाव घेऊन सूचना आहे. कशावर तरी भर देतो, म्हणून ‘एम्फसाइज ऑन’. परिस्थितीशी जुळवून घेताना ‘कोप अप विथ’. ‘पाच वर्षांपासून’ या आपल्या एकाच ‘पासून’मुळे ‘सिन्स फाइव्ह इयर्स’, जिथे कालावधी असल्याने ‘फॉर’ हवे. ‘मला दोन भाऊ आहेत’ साठी ‘आय ॲम हॅविंग’. ‘वन ऑफ द’ च्या पुढे एकवचनी नाम. ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘इक्विपमेंट’ यांना एस लावणे. यांतल्या एकाही चुकीला औपचारिक इंग्रजीच्या कोणत्याही प्रतिष्ठित डिक्शनरीत आधार सापडणार नाही, हरकत टिकणार नाही, आणि अधिकारी होऊ घातलेल्या माणसाला या चुका सुधारल्याचा रोजच्या कामात उपयोग होईल.

कामाची पद्धत अशी ठेवता येईल. प्रश्न सीलबंद करण्याआधी त्यातला कळीचा शब्द किंवा रचना तीन ठिकाणी पाहावी: जाहीर केलेली लर्नर्स डिक्शनरी, एक ब्रिटिश सर्वसाधारण डिक्शनरी आणि मेरियम-वेबस्टर. तिन्हींत एकच उत्तर निघाले तर प्रश्न ठेवावा. कुठेही ‘ऑल्सो’, ‘डिस्प्यूटेड’, ‘चीफली ब्रिटिश’ किंवा वापरावरची स्वतंत्र टीप दिसली तर प्रश्न बदलावा. ती टीप असणे हाच वाद असल्याचा पुरावा आहे. एका प्रश्नाला दहा मिनिटे धरली तर पंचवीस प्रश्नांना सव्वाचार तासांच्या आत काम होते. नियम फक्त गाइडात सापडत असेल आणि तिन्हींपैकी कुठेच नसेल तर तो नियम सोडून द्यावा. पाहिलेल्या नोंदींची छायाप्रत प्रश्नाबरोबरच पाकिटात ठेवावी, म्हणजे चार महिन्यांनी हरकत आली की शोधाशोध करावी लागत नाही.

हरकतीसाठी उमेदवाराकडून पूर्ण नोंद मागावी, लेबलासकट, कापलेली नको. आणि दोन पर्याय खरेच बरोबर निघाले तर दोन्हींना गुण द्यावेत, प्रश्न रद्द करून सगळ्यांना वाटू नयेत. सगळ्यांना वाटले की ज्याने प्रश्न सोडून दिला त्यालाही दोन मिळतात आणि ज्याने उघड चुकीचा तिसरा पर्याय निवडला त्यालाही. मग विचार करून बरोबर उत्तर लिहिणाऱ्याने त्या प्रश्नात कमावलेली आघाडी शून्य होते.

अंतिम उत्तरतालिकेत प्रश्न क्रमांक आणि पर्याय क्रमांक असे दोन रकाने असतात. इंग्रजीसाठी तिसरा रकाना वाढवावा: आधार. त्यात डिक्शनरीचे नाव, आवृत्ती आणि मथळ्याचा शब्द, एवढेच. पुढच्या परीक्षेच्या जाहिरातीपासून हे सुरू करता येईल, त्यासाठी अभ्यासक्रम बदलावा लागत नाही. प्रश्नांच्या छाननीसाठी किंवा जुन्या तालिका तपासण्यासाठी हात कमी पडत असतील तर आम्ही विनामोबदला काम करायला तयार आहोत.

आपले नम्र,
इंग्रजीचे काही शिक्षक, संपादक आणि मुद्रितशोधक